संगणक हळूहळू मंद का होतो?

मुलांनो, तुमच्या शाळेत संगणकाची खोली असेल. सकाळी पहिल्या तासाला तुम्ही संगणक सुरू करता. पडदा उजळतो. कळ दाबली की अक्षर उमटते, फाइल उघडायला सांगितली की लगेच उघडते. तासाभराने मात्र तोच संगणक कुरकुर करू लागतो. कळ दाबल्यावर अक्षर क्षणभर उशिरा दिसते. माऊस हलवला तर बाण अडखळत चालतो. पडद्यावर एक छोटे वर्तुळ गरगर फिरत राहते आणि तुम्ही त्याच्याकडे बघत बसता. संगणकालाही माणसासारखा थकवा येतो की काय?

थकवा येत नाही. पण कामाबरोबर त्याच्यात काहीतरी साठत जाते. काय साठते ते शोधता आले, तर पुष्कळदा एक रुपयाही न खर्च करता संगणक पूर्ववत चालू लागतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याच शाळेत घडलेली गोष्ट आहे.

आमची शाळा मालेगावात आहे. संगणकाच्या खोलीत आठ संगणक आणि ते वापरणारी मुले तीनशेच्या वर. काही वर्षांपूर्वी शाळेच्या वार्षिक अंकाचे काम चालू होते. उर्दू विभाग तयार झाला होता, मराठी विभाग बाकी होता. चौथ्या आणि सातव्या क्रमांकाचे संगणक त्या दिवसांत फार मंद झाले होते. नववीतील एक मुलगी चौथ्या संगणकावर आपला मराठी निबंध लिहीत होती. दोन पाने झाली आणि संगणक अडकला. तिने दहा मिनिटे वाट पाहिली, मग बटण दाबून संगणक बंद केला. निबंध जतन केलेला नव्हता. तो गेला. मातृभाषेत लिहिलेली दोन पाने पुन्हा आठवतात. नव्याने शिकलेल्या भाषेत जुळवलेली वाक्ये सहसा पुन्हा तशीच जुळत नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

मुख्याध्यापकांनी ठरवले, की हे दोन्ही संगणक जुने झाले, भंगारात द्यावेत. नवे घ्यायला पैसे नव्हते. म्हणजे आठाचे सहा होणार आणि एका संगणकापाशी तीन-तीन मुले बसणार. तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "सर, सकाळी तर हा नीट चालतो. बिघडलेली वस्तू रोज सकाळी नीट कशी चालेल?"

प्रश्न साधा होता, पण सगळा तपास त्यातच होता. संगणक सुरू करताच मंद असेल, तर तो जुना आहे, किंवा सुरू होताना त्याच्यावर नको तेवढी कामे लादली आहेत. परंतु सुरुवातीला चपळ असून वापरता वापरता मंद होत असेल, तर कारण वेगळे असते. म्हणून संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावण्याआधी घड्याळ बघा आणि लिहून ठेवा, की मंदपणा केव्हा सुरू होतो.

आता संगणकाच्या आत काय चालते ते पाहू. समजा, तुम्ही अभ्यासाला बसला आहात. समोर मेज आहे, मागे कपाट आहे. सगळी पुस्तके कपाटात असतात. जी लागतात ती तुम्ही काढून मेजावर ठेवता. संगणकातही असेच असते. कपाट म्हणजे हार्ड डिस्क. तिच्यातील मजकूर वीज गेली तरी टिकतो. मेज म्हणजे रॅम, अर्थात तात्पुरती स्मृती. चालू असलेले प्रत्येक काम रॅममध्ये मांडलेले असते आणि वीज बंद होताच ती कोरी होते. त्या मुलीचा निबंध मेजावर होता, कपाटात गेलाच नव्हता. म्हणून तो नाहीसा झाला. लिहिताना दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या, की मेजावरचे कपाटात जाते.

मेज भरले तर? तुम्ही काही पुस्तके परत कपाटात ठेवाल. संगणकही तेच करतो. रॅममध्ये जागा उरली नाही, की तो काही मजकूर हार्ड डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. यात चूक काही नाही, पण वेळ फार जातो. किती, ते हिशेबाने पाहा. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक चकती फिरत असते, मिनिटाला बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे. तिच्यावरचा दांडा योग्य जागी सरकायला हवा आणि हवा तो भाग फिरत त्याच्याखाली यायला हवा. यात सुमारे दहा मिलिसेकंद जातात. म्हणजे रॅमपेक्षा जवळजवळ एक लाख पट वेळ. मेजावरचे पुस्तक उचलायला तुम्हांला एक सेकंद लागत असेल, तर या कपाटातून ते आणायला सव्वा दिवसापेक्षा थोडा कमी, नेमके सांगायचे तर २७ तासांहून अधिक वेळ लागेल! अलीकडच्या संगणकांत फिरत्या चकतीऐवजी एसएसडी असते. तिच्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे हेच काम पंधरा-वीस मिनिटांत व्हावे, एवढा फरक पडतो. तरीही मेज ते मेजच.

आता कळले ना, संगणक दुपारी का रखडतो? आपण उघडतो आणि बंद करत नाही. एक पान उघडले, दुसरे उघडले, गाणे लावले, चित्र उघडले. इंटरनेटचे एकेक पान शंभर मेगाबाइट किंवा त्याहून जास्त रॅम सहज अडवते. चार गिगाबाइट रॅम असलेल्या संगणकात निम्मी जागा विंडोजलाच लागते. उरलेल्या जागेत अशी पंधरा पाने उघडी ठेवली, की मेज भरलेच.

मात्र आमच्या चौथ्या संगणकावर तर एकच फाइल उघडी होती. मग मेज कोण भरत होते?

विंडोजमध्ये हे पाहण्याची सोय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. चालू असलेल्या सर्व प्रोग्रामची यादी तेथे दिसते. मेमरी या शब्दावर क्लिक केले, की सर्वांत जास्त रॅम अडवणारा प्रोग्राम वर येतो. मुलांनी एक वही घेतली आणि दर तासाला आकडे लिहायचे ठरवले. पहिल्या दिवशी कोणाला काही दिसले नाही, कारण सगळे वरच्याच दोन-तीन नावांकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण यादी उतरवून घेतली. तेव्हा खालचे एक नाव वर सरकताना आढळले. सकाळी आठ वाजता त्याच्यापुढे ४० मेगाबाइट होते, नऊला ४००, दहाला ७६०, अकराला ११२०. कोणी त्याला हात लावला नव्हता, तरी तासाला ३६० मेगाबाइट वाढत होते. तो होता छपाईयंत्राबरोबर आलेला एक छोटा साहाय्यक प्रोग्राम. शाई किती उरली ते तो पुन्हा पुन्हा तपासत असे. प्रत्येक वेळी त्यासाठी थोडी रॅम घेई आणि परत करायला विसरे.

वाचनालयातून रोज पुस्तक न्यायचे आणि एकही परत करायचे नाही, असा हा प्रकार. यालाच स्मृतीची गळती म्हणतात. नाव जरा फसवे आहे. गळत तर काहीच नाही, उलट तुंबत जाते. ही चूक संगणकाची नसते, प्रोग्राम लिहिणाऱ्याची असते. म्हणून नवा संगणक आणला असता आणि त्यावर तोच प्रोग्राम घातला असता, तर तोही दुपारी असाच रखडला असता. आम्ही तो प्रोग्राम काढून टाकला. छपाई त्याच्यावाचून अडली नाही.

असली चूक मोठमोठ्या तज्ज्ञांकडूनही होते. अमेरिकेच्या नासा या संस्थेची स्पिरिट नावाची सहा चाकांची गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली. सुमारे अडीच आठवडे तिने उत्तम काम केले. २१ जानेवारीला ती अचानक गप्प झाली. नंतर कधी अर्थहीन संदेश येई, कधी काहीच नाही. रात्री झोपून वीज वाचवायची, तर ती जागीच राही आणि बॅटरी उतरत जाई. कारण असे निघाले, की तिच्या कायमच्या स्मृतीत फाइलींची संख्या फार वाढली होती. सुरू होताना त्या सगळ्या फाइलींची यादी रॅममध्ये मांडावी लागे. यादी इतकी लांबली होती, की रॅम पुरेना. रॅम पुरली नाही, की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. सुरू झाला, की पुन्हा तीच यादी मांडू लागे. मंगळावर जाऊन बटण कोण दाबणार? अभियंत्यांनी पृथ्वीवरून आज्ञा पाठवली, की फाइलींकडे न बघता सुरू हो. गाडी शुद्धीवर आली. मग नको असलेल्या फाइली पुसून स्मृती साफ केली. नव्वद दिवसांच्या कामासाठी पाठवलेली ती गाडी त्यानंतर मार्च २०१० पर्यंत पृथ्वीशी बोलत होती.

आता सातव्या संगणकाकडे वळू. तेथे वहीतले आकडे वाढतच नव्हते. निम्मी रॅम मोकळी होती, तरीही संगणक मंद होता. मुलांनी तो पुन्हा सुरू करून पाहिला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: दोष स्मृतीत साठत असेल, तर पुन्हा सुरू करताच संगणक चपळ होतो. येथे तो सुरू झाला तोच मंद. पण मधल्या सुट्टीत अर्धा तास बंद ठेवला, तर मात्र नीट चालला. बंद असताना संगणकात काय बदलते? तो थंड होतो.

प्रोसेसर काम करताना तापतो. त्याच्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो आणि त्यावर पंखा. पट्ट्या उष्णता ओढून घेतात, पंखा ती उडवून लावतो. हे काम नीट झाले नाही, तर तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ जाते. मग प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या पानावर तो वेग दिसतो. आमच्याकडे सकाळी तेथे ३ गिगाहर्ट्झच्या आसपास आकडा होता, तासाभराने तो १ च्याही खाली गेला.

सातवा संगणक खिडकीपाशी होता आणि खिडकीबाहेर यंत्रमागांचे कारखाने. आमच्या गावात हवेत कापसाचे बारीक तंतू उडतच असतात. घरातल्या पंख्यावर, माळ्यावर, कपड्यांवर ते बसतात. संगणकाचा पंखा तर दिवसभर हवा आत ओढत असतो. पेटी उघडली, तेव्हा पंखा आणि पट्ट्या यांच्यामध्ये तंतूंची एक जाड गादी तयार झालेली दिसली. पंखा फिरत होता, पण हवा पलीकडे जायला वाटच नव्हती. कोणी रजई पांघरून उन्हात बसावे, तशी त्या प्रोसेसरची अवस्था होती!

पेटी उघडायची असेल तर शिक्षक किंवा जाणकार माणूस जवळ हवाच. आधी संगणक बंद करून वीजजोडणी काढावी. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडावी आणि झाडताना पंखा बोटाने धरून ठेवावा. ओले फडके वापरू नये. जिच्यातून वीज येते ती धातूची डबी मात्र कधीही उघडू नये. जोडणी काढल्यावरही तिच्यात विजेचा साठा उरलेला असू शकतो आणि त्याचा झटका जबर बसतो.

याखेरीज हार्ड डिस्क काठोकाठ भरणे, आतल्या आत विंडोज अद्ययावत होत असणे, कोणाच्या पेन ड्राइव्हमधून विषाणू येणे, हीही कारणे असतात. यादी आणि वही असली, की तीही सापडतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत शट डाउन केले, तरी पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून संगणक आपल्या गाभ्याची स्थिती बहुधा हार्ड डिस्कवर जपून ठेवतो. रीस्टार्ट केले तर तो सगळे नव्याने मांडतो. म्हणून मेज खरोखर रिकामे करायचे असेल, तर रीस्टार्ट हेच निवडावे.

आमचे दोन्ही संगणक भंगारात गेले नाहीत. सातवा आम्ही खिडकीपासून दूर भिंतीशी हलवला आणि दर तीन महिन्यांनी तो झाडण्याचे काम दहावीच्या मुलांकडे दिले. वार्षिक अंक आठ दिवस उशिरा निघाला. त्या मुलीने निबंध पुन्हा लिहिला. ती म्हणते, की पहिला जास्त चांगला होता.