सीमारेषेच्या आधीची रेषा

प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली की महापालिकेच्या मुख्य इमारतीत आणि क्षेत्रीय कार्यालयांत नकाशे लागतात. त्यांच्यापुढे गर्दी होते. कुणी स्वतःची सोसायटी शोधतो, कुणी प्रतिस्पर्ध्याची गल्ली. नकाशासोबत प्रत्येक प्रभागाचे लेखी वर्णन असते. आधी व्याप्ती, म्हणजे प्रभागात येणाऱ्या वस्त्या. मग उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चार हद्दी. नाला रस्त्याला मिळतो तिथून पूर्वेकडे रेल्वेमार्गापर्यंत, तिथून दक्षिणेकडे पुलापर्यंत, अशी ती भाषा. पुढचे काही दिवस शहरात एकच विषय असतो: प्रभाग कुणासाठी फोडला आणि कुणाच्या सोयीने जोडला.

ही चर्चा व्हायलाच हवी. पण रेषा ज्या माहितीवरून ओढली जाते, ती कुणी गोळा केली, कशी केली आणि ती किती जुनी आहे, हे क्वचितच विचारले जाते. प्रभाग न्याय्य आहे की नाही, याचा मोठा भाग त्या माहितीतच ठरून गेलेला असतो. म्हणून हा परिचय प्रभागाचा नाही. प्रभाग ज्या तुकड्यांतून उभा राहतो, त्या प्रगणक गटाचा आहे.

पेन्सिलीने काढलेला नकाशा

जनगणनेसाठी सगळा देश छोट्या छोट्या तुकड्यांत वाटला जातो. एका प्रगणकाला ठरावीक मुदतीत घरोघर जाऊन मोजता येईल एवढा एक तुकडा, साधारण सहाशे ते आठशे लोकवस्तीचा. हाच प्रगणक गट. खेड्यात तो गावाची शीव ओलांडत नाही, शहरात त्या वेळच्या वॉर्डाची हद्द ओलांडत नाही. सहा प्रगणकांमागे एक पर्यवेक्षक असतो आणि त्यांच्या वर चार्ज अधिकारी. ग्रामीण भागात ही जबाबदारी बहुधा तहसीलदाराकडे येते. कोणता गट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याची नोंद चार्ज रजिस्टरमध्ये राहते.

गटाची हद्द कागदावर आणणारी व्यक्ती बहुतेक वेळा शाळेतली शिक्षिका किंवा शिक्षक असते. २०११च्या जनगणनेत घरयादीच्या वेळी प्रगणकाने आधी आपल्या गटाला पायी फेरी मारायची, मग नजरी नकाशा काढायचा, असा क्रम होता. उत्तर दिशा दाखवायची. रस्ते, गल्ल्या, नाले, देऊळ, मशीद, शाळा, विहीर अशा खुणा भरायच्या. मग एकेक इमारत. पक्के राहते घर म्हणजे चौकोन, कच्चे राहते घर म्हणजे त्रिकोण. राहण्यासाठी नसलेली इमारत असेल तर तीच आकृती आतून भरलेली. मोजमापाची पट्टी नाही, प्रमाण नाही. तरीही कोणते घर हद्दीच्या आत आणि कोणते बाहेर, हे हा कागद स्पष्ट सांगतो, आणि त्याचे काम तेवढेच आहे. एकही घर सुटू नये आणि एकही दोनदा मोजले जाऊ नये, यासाठी तो काढलेला असतो.

हा नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे निवडणूक नसते, कुणाचा प्रभागही नसतो. जनगणनेच्या माहितीला विश्वासार्हता येते ती या अलिप्ततेमुळे. पुढे रेषा ओढणाऱ्यांवर कितीही दबाव आला, तरी ज्या तुकड्यांवर त्यांना काम करायचे असते ते दुसऱ्याच कारणाने, दुसऱ्याच माणसांनी, कैक वर्षे आधी बांधलेले असतात.

विटा आणि भिंत

प्रभाग रचना म्हणजे या विटांची भिंत. हिशेब सोपा आहे. शहराची लोकसंख्या भागिले नगरसेवकांची संख्या, गुणिले एका प्रभागातले सदस्य. पुण्याचे उदाहरण घेऊ. २०२५ची रचना २०११च्या जनगणनेवर, सुमारे ३४ लाख ८१ हजार लोकसंख्या धरून झाली. सदस्य १६५, प्रभाग ४१. म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी सुमारे ८४ हजार. नियम दहा टक्के कमी-जास्तीची मुभा देतो. एका प्रभागात असे शंभर-सव्वाशे प्रगणक गट बसतात. मुंबईत प्रभाग एकसदस्यीय आणि २२७. तिथे १ कोटी २४ लाख लोकसंख्येला सरासरी पडते सुमारे ५५ हजारांची.

कामाची दिशाही ठरवून दिलेली आहे. सुरुवात उत्तरेकडून, तिथून ईशान्येला, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला. प्रभागांना क्रमांकही त्याच ओघात द्यायचे. हे कर्मकांड वाटले तरी त्याला अर्थ आहे. सुरुवात कुठून करायची हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले, तर हव्या त्या प्रभागापासून प्रारंभ करून नको त्या वस्त्या शेवटच्या प्रभागात ढकलता येतात. दिशा बांधली की ती वाट अरुंद होते. हद्दी शक्यतो मोठे रस्ते, नद्या, नाले, रेल्वेमार्ग, डोंगर अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून जाव्यात, एखादी चाळ किंवा इमारत दोन प्रभागांत विभागली जाऊ नये, आणि प्रगणक गट शक्यतो फोडू नये, असेही दंडक आहेत.

यांतला शेवटचा दंडक सगळ्यात महत्त्वाचा. लोकसंख्येचा अधिकृत आकडा गटापर्यंतच उतरतो, त्याखाली नाही. गट मधून कापला, तर त्यातली किती माणसे या बाजूला आणि किती त्या बाजूला, हे मोजणीवरून सांगता येत नाही. तिथे अंदाज शिरतो, आणि अंदाजाच्या मागोमाग मर्जी. अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागांचेही तसेच. या लोकसंख्येचे प्रमाण प्रभागनिहाय काढून आरक्षण ठरते आणि ते प्रमाणही गटांच्या आकड्यांच्या बेरजेतूनच येते. एखाद्या वस्तीभोवतीचे चार-पाच गट इकडचे तिकडे झाले, तर आरक्षणाच्या क्रमवारीत प्रभाग वर-खाली होऊ शकतो.

म्हणून प्रभाग रचनेतले खरे कष्टाचे काम बंद दाराआडच्या बैठकीत होत नाही, रस्त्यावर होते. चार्ज रजिस्टर आणि जुने नजरी नकाशे घेऊन महापालिकेचे अभियंते व कर्मचारी स्थळपाहणीला निघतात. कागदावर हद्दीची खूण म्हणून लिहिलेले दुकान आता नसते, चाळीच्या जागी वीस मजली इमारत उभी असते, नाल्यावर स्लॅब पडून त्याचा रस्ता झालेला असतो. तरीही २०११ साली ती हद्द कुठून गेली होती हे शोधून ती गुगल अर्थच्या चित्रावर बसवायची असते. हे काम चोख झाले, तर प्रभागाचा आकडा आणि प्रभागाची जमीन एकमेकांशी जुळतात. इथे ढिलाई झाली की नकाशातला प्रभाग एक आणि बेरजेतला दुसराच, अशी गत होते.

शिवेची वंशावळ

खेड्यात सीमारेषेचा इतिहास वेगळा आहे. तिथली मूळ रेषा माणसे मोजण्यासाठी नव्हे, तर शेतसारा ठरवण्यासाठी आखली गेली. मुंबई इलाख्यात तेहतीस फुटी साखळीने शेते मोजली गेली. साखळीभर लांबी-रुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आजही बोलण्यात टिकून असलेले हे माप तिथलेच. त्या मोजणीतून सर्व्हे नंबर आले, गावाचे नकाशे आले आणि शिवेवर दगड रोवले गेले. भूमी अभिलेख खाते आजही याच वारशावर चालते.

विधानसभेचे आणि लोकसभेचे मतदारसंघ ग्रामीण भागात या महसुली घटकांवर उभे आहेत: तालुका, महसूल मंडळ, सझा, गाव. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाचा २००८ साली अमलात आलेला आदेश वाचला, तर तालुका तुटला तिथे महसूल मंडळांची नावे येतात आणि मंडळही तुटले तिथे सझांची. क्रमांक वायव्येकडून सुरू होतात. म्हणून महाराष्ट्रात विधानसभेचा पहिला मतदारसंघ सातपुड्यातला अक्कलकुवा, तर २८८वा सांगली जिल्ह्यातला जत. जिल्हा परिषदेत गट आणि त्याच्या पोटात पंचायत समितीचे दोन गण, अशी रचना आहे. तीही गावांच्याच बेरजेने होते.

शेत मोजले होते, पण गावठाण बहुतेक ठिकाणी तसेच राहिले होते. गावठाणाची बाहेरची हद्द नकाशात होती, आतल्या घरांच्या सीमा नव्हत्या. ही उणीव भरून काढण्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि तशीच मोजणी २०२०पासून ‘स्वामित्व’ योजनेतून देशभर सुरू झाली. ही योजना मालमत्तेच्या हक्कासाठी आहे. पण घर नेमके कुठे आहे हे एकदा नोंदले गेले, की ग्रामपंचायतीच्या प्रभागाची रेषा घरांमधून कशी जाते, हेही तपासता येते. वाड्या, पाडे आणि तांडे असलेल्या गावांत याचे मोल फार मोठे आहे. एका महसुली गावाच्या नावाखाली चार वाड्या असतात आणि कोणती वाडी कुणाबरोबर जोडली जाते, यावर तिचा प्रतिनिधी निवडून येणार की नाही हे ठरते.

गोठलेला काळ

सीमा सतत हलतात. गावे महापालिकेत येतात, तालुके फुटतात, जिल्हे होतात. त्यामुळे मोजण्याआधी त्यांना थांबवावे लागते. जनगणनेपूर्वी प्रशासकीय सीमा गोठवण्याची तारीख जाहीर होते आणि त्यानंतर मोजणी संपेपर्यंत त्या बदलता येत नाहीत. येत्या जनगणनेसाठी ही तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती.

एका मोजणीचे छायाचित्र किती वर्षे वापरायचे, हा मात्र वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. लोकसभा आणि विधानसभेतल्या जागांचे वाटप १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने गोठवले. २००१च्या ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. राज्याच्या आतल्या सीमा मात्र २००१च्या आकड्यांवर नव्याने आखल्या गेल्या आणि तेव्हा लोक कुठून कुठे गेले ते लख्ख दिसले. महाराष्ट्राच्या २८८ जागा तेवढ्याच राहिल्या, पण रत्नागिरी जिल्ह्याच्या सातच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गाच्या चारच्या तीन. मुंबई शहराच्या सतराच्या दहा झाल्या आणि उपनगराच्या सतराच्या सव्वीस. गिरणगाव ओस पडले, कोकणातला तरुण बोरिवली-मुलुंडपलीकडे गेला, ही हकिकत आपण कथा-कादंबऱ्यांतून ऐकत आलो होतो. मतदारसंघांच्या यादीने ती आकड्यांत मांडली.

स्थानिक संस्थांना २०११च्या मोजणीवर दशकभराहून अधिक काळ भागवावे लागले, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. पुण्यात २०१७ साली ११ गावे महापालिकेत आली, २०२१ साली आणखी २३. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वेगळ्या नगरपरिषदेसाठी वगळली गेली. या गावांची हद्द नवी, पण लोकसंख्या धरायची २०११ची. तेव्हाच्या शेतांत आज गृहसंकुले आहेत. नियमाने पाहिले तर दहा टक्क्यांची मर्यादा पाळली गेली. प्रत्यक्षात नगरसेवकांच्या वाट्याला येणारी माणसे कितीतरी कमी-अधिक आहेत. यात रेषा ओढणाऱ्याला दोष देता येत नाही. मोजणी जुनी झाली की तिच्यावर प्रामाणिकपणे काढलेली रेषाही माणसांवर अन्याय करते.

हरकत कशी घ्यावी

प्रारूपावर हरकती आणि सूचना घेण्याची, त्यांवर सुनावणी होण्याची तरतूद आहे. अनेक हरकती भावनेच्या भाषेत लिहिलेल्या असतात: आमची वस्ती तोडली, आमच्यावर अन्याय झाला. त्या खऱ्याही असतात. पण सुनावणीत वजन पडते ते वेगळ्या अर्जाचे: अमुक क्रमांकाचा प्रगणक गट या प्रभागातून त्या प्रभागात घेतल्यास दोन्ही लोकसंख्या मर्यादेत राहतात, हद्द मोठ्या रस्त्यावरून जाते आणि वस्ती एकसंध राहते. असा अर्ज लिहायला नागरिकाला गटांच्या हद्दी आणि आकडे दोन्ही हाताशी हवेत.

नेमकी तिथेच अडचण येते. प्रभागाचा नकाशा लोकांसमोर येतो तो बहुधा चित्र म्हणून, पीडीएफच्या पानावर. ते चित्र पाहता येते, पण मोजता येत नाही. त्यावर लोकसंख्या ठेवून पाहता येत नाही, जुन्या रचनेशी ताडता येत नाही. संगणकाला वाचता येणाऱ्या सीमा मिळाव्यात म्हणून ‘डेटामीट’सारख्या स्वयंसेवी गटाने मतदारसंघांचे नकाशे नव्याने आखून सर्वांसाठी खुले केले. त्यांचे काम मोलाचे आहे. पण ज्या सीमेवर माझे मत कुणाला जाणार हे ठरते, ती सीमा शासनाकडूनच वापरण्याजोग्या रूपात मिळणे हा नागरिकाचा हक्क असायला हवा.

येत्या जनगणनेचे वेळापत्रक असे आहे: २०२६च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये घरयादी, फेब्रुवारी २०२७मध्ये लोकगणना. ही मोजणी मोबाइलवर होणार आहे आणि गटांच्या सीमा उपग्रहाच्या चित्रावर आखण्याचे साधनही तयार केले गेले आहे. पेन्सिलीच्या नजरी नकाशाची जागा अक्षांश-रेखांश घेतील. पुढच्या प्रभागांची, गट-गणांची आणि मतदारसंघांचीही आखणी या मोजणीवर होईल. व्यक्तीची आणि घराची माहिती गोपनीय राहिलीच पाहिजे. जनगणनेचा तो कायदा आहे आणि तो योग्यही आहे. गटाची हद्द आणि त्यातली एकूण लोकसंख्या यांत मात्र लपवण्यासारखे काही नाही. ती खुली करावी, आणि प्रारूप प्रभाग रचनेसोबत नकाशाच्या चित्राऐवजी सीमांची माहिती द्यावी, ही मागणी महाराष्ट्रातल्या नागरी संघटनांनी, पत्रकारांनी आणि सगळ्याच पक्षांनी आतापासून लावून धरली पाहिजे. मतदानाच्या दिवशी आपण उमेदवार निवडतो. पण त्या निवडीत आपल्याबरोबर कोण असेल, हे त्याच्या कितीतरी आधी ठरते. तिथेही नागरिकाची नजर पोचली पाहिजे.