लाल कानाचे कासव

लाल कानाचे कासव (शास्त्रीय नाव: ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स) हे गोड्या पाण्यात राहणारे, मूळचे उत्तर अमेरिकेतील कासव आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसिसिपी नदीचे खोरे व त्याला लागून मेक्सिकोच्या ईशान्येकडील भाग हा त्याचा नैसर्गिक प्रदेश होय. पाळीव प्राण्यांच्या व्यापारामुळे ते आज अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत पोहोचले आहे. जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा शंभर परकीय आक्रमक जातींच्या, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याचे नाव आहे.

वर्णन

डोळ्यामागील तांबड्या पट्ट्यावरून त्याला हे नाव पडले. कासवांना बाह्यकर्ण नसतात. त्यामुळे येथे 'कान' हा शब्द केवळ लौकिक अर्थाने घ्यावयाचा. चाहूल लागताच ते दगडावरून पाण्यात घसरते, म्हणून इंग्रजीत त्याला 'स्लायडर' म्हणतात. नुकते जन्मलेले पिल्लू हिरवेगार व जेमतेम ३ सेंमी लांबीचे असते. प्रौढ मादी मात्र २५ सेंमीहून मोठी होऊ शकते आणि हे कासव ३० वर्षांपर्यंत जगू शकते. विकत घेताना या दोन्ही गोष्टी क्वचितच ध्यानात घेतल्या जातात.

व्यापार व प्रसार

लहान कासवांमुळे मुलांना साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होत असल्याचे आढळल्यावर, १९७५ साली अमेरिकेने १० सेंमीपेक्षा कमी लांबीच्या कासवांच्या विक्रीवर देशांतर्गत बंदी घातली. लुइझियाना राज्यातील कासवपालनाचा धंदा मात्र त्यामुळे बंद पडला नाही. त्याने परदेशाची वाट धरली. १९८९ ते १९९७ या काळात ५ कोटी २० लाखांहून अधिक कासवे निर्यात झाली. 'निन्जा टर्टल्स' या चित्रमालिकेच्या लोकप्रियतेनेही मागणीला हातभार लावला. युरोपीय संघाने १९९७ मध्ये या उपजातीच्या आयातीस मनाई केली, तेव्हा व्यापारी त्याच जातीच्या पिवळ्या पोटाच्या उपजातीकडे वळले. अखेर २०१६ मध्ये संपूर्ण जातच युरोपच्या आक्रमक जातींच्या यादीत घालावी लागली.

परिणाम

कासव थंड रक्ताचे असल्याने ऊन खाणे ही त्याची चैन नसून गरज असते. उन्हावाचून पचन मंदावते व शरीर दुबळे होते. तळ्यातील सोयीचे दगड व ओंडके मोजकेच असतात. फ्रान्समधील प्रयोगांत असे दिसून आले, की लाल कानाच्या कासवांसोबत ठेवलेल्या स्थानिक युरोपीय कासवांना या जागा सोडाव्या लागतात; त्यांचे वजन घटते व मृत्यूचे प्रमाण वाढते. परकीय कासवांबरोबर आलेले परजीवी जंत स्थानिक जातींना लागल्याचेही तेथे नोंदले गेले आहे. आहाराच्या बाबतीत हे कासव चोखंदळ नाही: पाणवनस्पती, कीटक, गोगलगायी, बेडकांची पिल्ले, मासे असे सर्व त्याला चालते.

भारतातील स्थिती

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बहुतेक देशी कासवे बाळगणे गुन्हा ठरले. परकीय कासवाला हा कायदा लागू नसल्याने मत्स्यालयांच्या दुकानांत त्याला मोकळी जागा मिळाली. देशी कासवांच्या रक्षणाचा हा एक विपरीत परिणाम म्हणावा लागेल. घरात कासव असणे शुभ, ही समजूतही विक्रीला पूरक ठरली. पिल्लू मोठे होऊन काचेच्या पेटीत मावेनासे झाले की ते जवळच्या तळ्यात किंवा देवळाच्या पुष्करिणीत सोडले जाते. यामागे बहुधा भूतदयाच असते.

गुवाहाटी येथील उग्रतारा मंदिराचे तळे व दीपोर बील हे पाणथळ क्षेत्र, तसेच केरळमधील त्रिशूर परिसर येथे हे कासव आढळले आहे. उत्तर युरोपात थंडीमुळे त्याची अंडी सहसा उबत नाहीत. भारताच्या बहुतांश भागात हा अडथळा नाही. शिवाय अंडी अधिक उष्णतेत उबली, तर त्यांतून प्रामुख्याने माद्या जन्मतात. महाराष्ट्रातील जलाशयांत आढळणाऱ्या काळ्या कासवालाही ऊन खाण्यासाठी काठावरचे दगडच लागतात.

नियंत्रण

सापळे लावून कासवे पकडणे व काठावरची अंडी शोधून काढणे हे उपाय योजले जातात. मात्र मोठ्या जलाशयात ते खर्चिक व दीर्घकाळ चालणारे असतात. भारतात २०२२ च्या कायदादुरुस्तीने आक्रमक परकीय जातींचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. जपानने जून २०२३ पासून या कासवाची विक्री व पाण्यात सोडणे यांवर बंदी घातली. परंतु घरी असलेली कासवे पाळत राहण्यास मुभा ठेवली, कारण सरसकट बंदी घातल्यास लोक ती एकाच वेळी तळ्यांत सोडून देतील अशी भीती होती.