विश्लेषण : भंगारातले सामान नळदुरुस्तीला कुठे चालते, कुठे घात करते?

तोटी गळू लागली की परभणी जिल्ह्यात अनेक घरांत प्लंबरच्या आधी अडगळ आठवते. सायकलची फाटकी ट्यूब, झिजलेली रबरी चप्पल, शेतातून काढून आणलेला पीव्हीसी पाइपाचा तुकडा. यातले बरेच सामान खरेच कामाला येते. मात्र ते कुठे वापरायचे, हे गळती कुठे आहे यावर ठरते.

थेंबभर गळतीने काय होते?

साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. दर सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर, म्हणजे दहा दिवसांत चाळीस लिटरहून अधिक पाणी वाया जाते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण ठरवले आहे. नळाला रोज पाणी येत नाही आणि साठवलेल्या टाकीवरच दिवस काढावे लागतात, तेव्हा हे थेंब परवडत नाहीत.

खरा धोका कधी?

पाइपात सतत दाब असेल तर पाणी भोकातून फक्त बाहेर येते. पुरवठा थांबला की चित्र उलटते. परभणी शहराचे पाणी पूर्णा नदीवरील येलदरी धरण आणि राहटी बंधाऱ्यावरून कितीही शुद्ध होऊन निघाले, तरी पुरवठा बंद झाल्यावर पाइप रिकामा होतो. पाणी उताराकडे जाताना पाइपात ओढ तयार होते आणि भोकाजवळ साचलेले सांडपाणी आत शिरू शकते. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ वाढते. म्हणूनच गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोला गुंडाळलेली ट्यूब निरुपद्रवी असते, तर नालीतून गेलेल्या पाइपावर तीच ट्यूब अख्ख्या घराला जुलाब लावू शकते.

जुन्या सामानातून काय जमते?

पेचाची तोटी बंद करूनही गळत असेल तर बहुधा वायसर झिजलेला असतो. आधी मुख्य कॉक बंद करावा, तोटीचा वरचा भाग पान्याने खोलावा आणि जुन्या वायसरच्या मापाने सपाट, जाड रबर कापून बसवावे. धुण्या-भांड्याच्या तोटीला हे पुरते. पिण्याच्या पाण्याच्या तोटीला मात्र काही रुपयांत मिळणारा नवा वायसरच घालावा.

उघड्यावरचा पाइप चिरला असेल तर तो कोरडा करावा. ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, चिरेच्या दोन्ही बाजूंना वीतभर गुंडाळावी आणि वर तार आवळावी. हा तात्पुरता उपाय आहे. पक्क्या दुरुस्तीसाठी चिरलेला भाग कापून कपलर टाकावा लागतो.

जुना पाइप कसा पारखावा?

उन्हात वर्षानुवर्षे पडलेला पीव्हीसी पाइप पांढरट आणि ठिसूळ होतो. बोट फिरवल्यावर भुकटी लागली किंवा कापताना कडा तडकली तर तो टाकून द्यावा. काळा ठिबकचा पाइप पॉलिथिनचा असतो. त्याला पीव्हीसीचे सोल्युशन धरत नाही, जोडणीही त्याचीच लागते. पाइपांत शिशाचे स्टॅबिलायझर वापरण्यावर केंद्राने २०२१ मध्ये नियम आणले. त्याआधीच्या पाइपात शिसे असू शकते, म्हणून असा तुकडा बागेला किंवा सांडपाण्याला ठेवावा, पिण्याच्या पाण्याला नको. फवारणी पंपाची नळी तर कोणत्याच घरगुती पाण्याला लावू नये.

कोणते उपाय टाळावेत?

चुलीवर पाइपाचे तोंड तापवून दुसरा पाइप त्यात घुसवण्याची पद्धत सर्रास आहे. त्यात पाइपाची भिंत पातळ होते आणि पीव्हीसी करपले की घातक आम्लवायू निघतो. जुन्या डब्यातला सफेदा शिशाचा असू शकतो. त्याऐवजी टेफ्लॉन टेप वापरावी. रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीला स्वतः हात लावू नये. ती गळत असल्यास महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीला कळवावे.

दुरुस्तीनंतर काय करावे?

सोल्युशनचा जोड डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकू द्यावा, मगच पाणी सोडावे. पहिले पाणी वाहू द्यावे आणि ते पिण्याच्या भांड्यात भरू नये. नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे लागते. ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याकडून ओटी चाचणी करून घेता येते. पाण्याला पिवळा रंग आला नाही तर पाणी उकळूनच प्यावे. नालीत बुडालेला पाइप असेल तर त्यावर ट्यूबची घडी वाढवत बसू नये. पाइप नालीच्या वर उचलून घेणे, हीच खरी दुरुस्ती आहे.