डिसेक्शन हॉल ते दरेकसा

वैद्यकीय पीजी प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की अ‍ॅनाटॉमीच्या जागा रिकाम्या राहिल्याची बातमी ठरलेली. 2023 मध्ये तर पात्रतेचा पर्सेंटाइल थेट शून्यावर आणला गेला. गुणवत्तेवर तेव्हा भरपूर वाद झाले. मला मात्र या बातमीत दरेकसाचं प्राथमिक आरोग्य केंद्र दिसतं.

गोंदियाहून डोंगरगडकडे निघालं की सालेकसानंतरचं स्टेशन दरेकसा. पुढं छत्तीसगड. इथं कमरेत इंजेक्शन देताना सुई नितंबाच्या वरच्या, बाहेरच्या भागातच जायला हवी. खाली किंवा आत सरकली, तर सायटिक नर्व्ह दुखावते आणि पाऊल उचलता येत नाही. रोवणीवर पोट असलेल्या बाईचं पाऊल! हे बोटा-दोन बोटांचं अंतर डॉक्टरच्या हातात बसवतो तो पहिल्या वर्षाचा अ‍ॅनाटॉमीचा शिक्षक.

चौरसियाच्या पुस्तकात नर्व्ह पिवळी, धमनी लाल. डिसेक्शनच्या टेबलावर सगळंच मातकट, आणि फॉर्मलिननं डोळे चुरचुरत असतात. काखेतली चरबी चिमट्यानं बाजूला करत सर तीन नर्व्ह मोकळ्या करतात, धमनीसमोर त्यांचा ‘एम’ दिसतो. मग चिमटा मुलाच्या हातात येतो: आता दुसऱ्या काखेत तू शोध. चिमट्याला जाणवणारा तो ताण कुठलीही स्क्रीन देत नाही.

वाट लांब आहे. एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी, वर्षभर सिनियर रेसिडेन्सी, मग सहायक प्राध्यापक. चार वर्षांनी, शोधनिबंध असले तर, सहयोगी. आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक. एमएस्सी अ‍ॅनाटॉमी करून येणाऱ्यांचा शिक्षकपदांतला वाटा 2020 मध्ये 30 वरून 15 टक्क्यांवर आणला, तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. या विषयात रात्रीची इमर्जन्सी नाही, पण स्वतःचा दवाखानाही नाही. मुलं इथंच अडतात.

गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2016 मध्ये 100 जागांनी सुरू झालं. फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या इमारतीची पायाभरणी उपराष्ट्रपतींच्या हस्ते झाली. इमारत हवीच, पण टेबलाशी उभं राहणारं माणूस त्याआधी हवं. सरकारनं अ‍ॅनाटॉमीच्या शिक्षकांची पदं कंत्राटावर न भागवता एमपीएससीमार्फत कायमची भरावीत. आणि सालेकसा-देवरीकडच्या ज्या पोरांचं एमबीबीएस होत आलंय, त्यांनी पसंतीक्रमात अ‍ॅनाटॉमी तळाला टाकण्याआधी एक वर्ष ट्यूटर म्हणून त्या टेबलाशी उभं राहून बघावं.