वृत्तपत्रीय छायाचित्र : एक संदर्भसाधन
(विसाव्या शतकाच्या मध्यातील मुंबईच्या क्रीडा व नागरी जीवनाच्या विशेष संदर्भात)

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या क्षणाची असंख्य छायाचित्रे काही मिनिटांत सर्वत्र पोहोचली. अशा काळात वाढलेला विद्यार्थी १९४० च्या सुमाराचे वृत्तपत्रीय छायाचित्रही त्याच नजरेने पाहतो. ते घटनेचा सरळ पुरावा मानतो. प्रकल्पलेखन तपासताना हा अनुभव वारंवार येतो. म्हणून असे छायाचित्र कसे तयार होत असे आणि ते कसे वाचावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्या काळातील छापील छायाचित्र म्हणजे मूळ छायाचित्र नव्हे. मूळ प्रतीचे बारीक जाळीच्या काचेतून पुन्हा छायाचित्रण करून ती प्रतिमा जस्ताच्या पत्र्यावर उतरवली जाई. आम्लाने मधला भाग कोरला की लहानमोठे ठिपके उठून राहत. हा हाफटोन ब्लॉक लाकडी ठोकळ्यावर बसवून खिळ्यांच्या उंचीचा केला जाई. वृत्तपत्राचा कागद खरखरीत आणि शाई शोषणारा असल्याने जाळी जाडच ठेवावी लागे. परिणामी गर्दीतील चेहरे ठिपक्यांत विरून जात. ब्लॉक करून घेण्यास खर्च येई. त्यामुळे एकदा केलेला ब्लॉक जपून ठेवून पुन्हा वापरण्याचा प्रघात होता. एखाद्या पुढाऱ्याचे छायाचित्र ज्या अंकात आढळते, त्याच दिवशी ते टिपले गेले असे समजणे यासाठीच धोक्याचे आहे.

कॅमेऱ्याच्या मर्यादा क्रीडाविषयक छायाचित्रांत अधिक जाणवतात. क्रिकेटची खेळपट्टी सीमारेषेपासून दूर. पुरेशा लांब पल्ल्याचे भिंग नसेल तर फलंदाज नखाएवढा दिसे. त्यामुळे नाणेफेक, हस्तांदोलन, मैदानात उतरणारे सलामीवीर व संघाचे समूहछायाचित्र हे सोयीचे विषय ठरले. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विजय हजारे यांनी ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. त्या खेळीचे मोठेपण धावफलकावरून कळते. एका स्थिर चित्रावरून ते कळणे अवघडच.

मात्र फलंदाज दूर गेला की प्रेक्षागार चौकटीत येते, आणि अभ्यासकाला खरा ऐवज तेथे सापडतो. ब्रेबर्न स्टेडियम १९३७ मध्ये पंचरंगी स्पर्धेसाठी वापरात आले, तेव्हा जिमखान्यांना द्यावयाच्या आसनांच्या वाटपावरून वाद झाला आणि हिंदू संघाने त्या वर्षी स्पर्धेतून अंग काढून घेतले. धर्माधारित संघांची ही स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली. हा तपशील ठाऊक असणाऱ्या वाचकाला त्या मैदानावरील प्रेक्षकांचे छायाचित्र केवळ उत्साहाचे चित्र राहत नाही. कोण कोठे बसला आहे, कोणाला सावली आहे, हे प्रश्न नागरी जीवनाचे आहेत. चौकटीबाहेर कोण राहिले, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. एखाद्या खेळाचे छायाचित्र पानावर नाही, म्हणून तो खेळ शहरात नव्हता असा निष्कर्ष काढता येत नाही.

छायाचित्रकाराचे नाव ही आणखी एक अडचण होय. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून मान्यता पावलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. महिला मंडळाच्या सहलीची त्यांची छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये प्रसिद्ध झाली, पुढे ‘इलस्ट्रेटेड वीकली’साठी त्यांनी मुंबईचे जीवन टिपले. तथापि त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. १९४२ मध्ये दांपत्य दिल्लीस गेले. म्हणजे मुंबईच्या त्या वर्षांत स्त्रिया छायाचित्राचा विषय म्हणून दिसतात, पण छायाचित्र घेणारी स्त्री श्रेयनामावरून ओळखू येत नाही. छापील श्रेयनामावर विसंबून ‘त्या काळी या क्षेत्रात स्त्री नव्हती’ असे लिहिणारा विद्यार्थी प्रामाणिक असूनही चुकेल. व्यारावाला यांना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे; हे भाग्य नाव न छापलेल्या इतरांच्या वाट्याला आले नाही.

यासाठी छायाचित्र पानासह वाचावे: खालची ओळ, शेजारचा मजकूर, त्या चित्राला दिलेली रुंदी, मागील-पुढील अंक. मायक्रोफिल्मवर हे सहसा साधत नाही. मजकूर वाचता यावा म्हणून काळे-पांढरे तीव्र करून घेतलेल्या फितीत करड्या छटा नष्ट होतात आणि सभेचे छायाचित्र शाईचा डाग होऊन बसते. एम.फिल.च्या काळात एका ग्रंथालयात मूळ अंकांचे बांधीव खंड चाळताना मला दुसरीच गोष्ट दिसली. क्रीडापृष्ठांवरील चित्रे कोणीतरी पात्याने सुबकपणे कापून नेली होती. खिडकीसारख्या त्या चौकोनांखाली ओळी मात्र शाबूत होत्या. त्या मी उतरवून घेतल्या. जागेअभावी असे खंड निर्लेखित करण्याचा प्रस्ताव ग्रंथालय समितीपुढे येतो, तेव्हा मायक्रोफिल्म उपलब्ध आहे हे कारण पुढे केले जाते. समितीवरील प्राध्यापकांनी ती फीत एकदा यंत्रावर लावून, एखादे क्रीडापृष्ठ मूळ खंडाशी ताडून पाहावे आणि मगच स्वाक्षरी करावी.