खाणकामगाराचा मुलगा ते तैवानचे राष्ट्राध्यक्ष : लाई चिंग-ते यांची वाटचाल

तैवानचे राष्ट्राध्यक्ष लाई चिंग-ते यांना चीन ‘फुटीरतावादी’ संबोधतो, तर समर्थक त्यांच्याकडे लोकशाहीचे रक्षक म्हणून पाहतात. या दोन्ही प्रतिमांमागे खाणकामगाराच्या घरातून रुग्णालयात आणि तेथून सत्तेच्या शिखरावर गेलेल्या एका डॉक्टरची वाटचाल आहे.

लाई यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९५९ रोजी उत्तर तैवानमधील वानली या खाणकामगारांच्या वस्तीत झाला. ते लहान असतानाच वडिलांचा कोळसा खाणीतील दुर्घटनेत मृत्यू झाला आणि सहा मुलांच्या संगोपनाचा भार आईवर आला. वानलीतील हे घर २०२४च्या निवडणुकीत वादाचा विषय ठरले. त्याचे बांधकाम बेकायदा असल्याची टीका विरोधकांनी केली. तेव्हा तेथे खाणकामगारांचे स्मारक-संग्रहालय उभारण्याची घोषणा लाई यांनी केली.

वैद्यकाकडून राजकारणाकडे

राष्ट्रीय तैवान विद्यापीठातून पुनर्वसनशास्त्राची पदवी घेतल्यानंतर लाई यांनी तैनान येथील राष्ट्रीय चेंग कुंग विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले आणि तेथेच रुग्णसेवा सुरू केली. पुढे २००३ मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्य विषयात पदव्युत्तर पदवी संपादन केली.

त्यांची उमेदीची वर्षे आणि तैवानमधील लोकशाहीची पहाट यांचा काळ एकच होता. १९४९ पासून लागू असलेला लष्करी कायदा १९८७ मध्ये उठला. १९९४ मध्ये प्रांताच्या राज्यपालपदासाठी प्रथमच थेट निवडणूक झाली, तेव्हा डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टीचे (डीपीपी) उमेदवार चेन डिंग-नान यांच्या प्रचारात लाई उतरले. चेन पराभूत झाले, पण लाई यांची दिशा बदलली. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या थेट निवडणुकीच्या तोंडावर चीनने तैवानलगतच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली. हाच आपल्यासाठी निर्णायक क्षण ठरल्याचे लाई यांनी पुढे नमूद केले. त्याच वर्षी ते राष्ट्रीय सभेवर निवडून आले आणि १९९८च्या निवडणुकीतून विधिमंडळात पोहोचले.

तैनानचे महापौर

२०१० मध्ये ते तैनानचे महापौर झाले आणि २०१४ मध्ये सुमारे ७३ टक्के मते मिळवून पुन्हा विजयी झाले. मात्र नगर परिषदेच्या अध्यक्षांवर मतखरेदीचा आरोप झाल्यानंतर त्यांनी अनेक महिने परिषदेच्या बैठकांना जाण्यास नकार दिला. याबद्दल नियंत्रण युआन या घटनात्मक संस्थेने २०१५ मध्ये त्यांच्यावर महाभियोगाची कारवाई केली. समर्थकांनी या भूमिकेला तत्त्वनिष्ठा म्हटले, तर विरोधकांनी हटवाद.

सप्टेंबर २०१७ मध्ये पंतप्रधान झाल्यावर त्यांनी स्वतःला ‘तैवानच्या स्वातंत्र्यासाठी झटणारा व्यवहारवादी कार्यकर्ता’ म्हटले. चीन हे उद्गार आजही विसरलेला नाही. तैवान हा मुळातच सार्वभौम असल्याने स्वातंत्र्याच्या वेगळ्या घोषणेची गरज नाही, अशी भूमिका लाई मांडतात आणि ‘जैसे थे’ स्थिती राखण्याची ग्वाही देतात.

स्थानिक निवडणुकांतील पक्षाच्या पराभवानंतर जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी पंतप्रधानपद सोडले. त्यानंतर पक्षांतर्गत उमेदवारीसाठी त्यांनी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांनाच आव्हान दिले, पण ते पराभूत झाले. मात्र पुढे त्साई यांचेच सहउमेदवार होऊन २०२० मध्ये ते उपराष्ट्राध्यक्ष झाले.

विजय मिळाला, बहुमत हुकले

जानेवारी २०२४च्या तिरंगी लढतीत लाई सुमारे ४० टक्के मतांनी विजयी झाले आणि २० मे रोजी त्यांनी सूत्रे स्वीकारली. मात्र ११३ सदस्यांच्या विधिमंडळात डीपीपीला ५१ जागा मिळाल्या, तर कुओमिंतांग पक्षाने ५२ जागा जिंकल्या. परिणामी अर्थसंकल्प आणि संरक्षण खर्चासारख्या विषयांवर सरकारला विरोधकांशी जुळवून घेणे क्रमप्राप्त ठरले.

भारताचे तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. तरीही जून २०२४ मध्ये लाई यांनी लोकसभा निवडणुकीतील विजयाबद्दल पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे अभिनंदन केले, तेव्हा मोदी यांनी आभार मानत घनिष्ठ संबंधांची अपेक्षा व्यक्त केली. चीनने त्यावर आक्षेप नोंदवला.

तैनानमध्ये प्रचंड जनादेशाच्या बळावर परिषदेला दूर ठेवणे महापौर लाई यांना शक्य झाले होते. राष्ट्राध्यक्ष लाई यांना मात्र विधिमंडळाकडे पाठ फिरवता येणार नाही. चीनच्या लष्करी दबावाला तोंड देण्याची तैवानची क्षमता त्यांच्या विरोधकांशी होणाऱ्या समझोत्यावरही अवलंबून राहील.