परवानगी आली, तरी ट्रॉलर जेटीवरच का? मे महिन्याचा हिशेब



गेले तीन आठवडे आम्हाला दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न येतो. फोनवर, जेटीवर, रेशनच्या रांगेत सुद्धा. "मासेमारीला परवानगी आहे ना, मग ट्रॉलर बांधून का ठेवलेत?" विचारणाऱ्यांत गिऱ्हाईकं आहेत तसे आपले सभासदही आहेत. काहींचा सूर तर असा की सोसायटीच हात बांधून बसली आहे. आज 4 मे 2020, टाळेबंदीचा तिसरा टप्पा सुरू झाला. 1 जूनला पावसाळी बंदी लागायला हातात मोजून 28 दिवस आहेत. या दिवसांत काय करायचं हे प्रत्येक होडीवाल्याला आता ठरवावं लागेल, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो. थोडं लांब आहे, पण घरातल्या बायकांसकट सगळ्यांनी वाचावं.

आधी परवानगीचं. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, गोव्यात तो पुढे वाढवला, आणि तेवढ्यात 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. ते पहिले दिवस सगळ्यांना आठवतात. किराण्याची दुकानंही बंद होती, मासळीचं कोण विचारतो. मग 10 एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढून मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली. नुसती मासेमारी नव्हे. मासळीची वाहतूक, विक्री, प्रक्रिया, शीतगृह आणि त्यात काम करणारी माणसं यांनाही. कागदावर सगळं मोकळं झालं, आणि लोकांना वाटलं आता परवापासून ताटात बांगडा येणार.

पण ट्रॉलर कागदावर चालत नाही. त्याला चार गोष्टी लागतात: बर्फ, डिझेल, हात आणि बाजार. या चारांतली एक जरी नसली तरी उरलेल्या तिन्हींचा उपयोग शून्य. एप्रिलमध्ये आपल्याकडे नेमकं हेच झालं.

बर्फाचं बघा. बर्फाचा कारखाना म्हणजे नळ नव्हे, की फिरवला आणि बर्फ आला. एकदा बंद पडला की टाकी पुन्हा थंड करायची, पाणी भरायचं, लादी गोठायला एक-दोन दिवस थांबायचं. आणि कारखानेवाला कारखाना कधी चालू करणार? वीस-पंचवीस ट्रॉलर बर्फ उचलणार अशी खात्री असेल तेव्हा. ट्रॉलरवाले म्हणतात, आधी बर्फ दाखवा. कारखानेवाले म्हणतात, आधी गिऱ्हाईक दाखवा. यात कोणाचीही चूक नाही. दोघेही आपापल्या विजेच्या आणि डिझेलच्या बिलाला घाबरून आहेत.

बाजाराची गोष्ट त्याहून मोठी. आपल्या ट्रॉलरची मासळी गावातल्या बाजारात संपत नाही, कधीच संपत नव्हती. चांगली इसवण, पापलेट, मोठी सुंगटं हॉटेलात जायची. माणके आणि निर्यातीचा माल कारखान्यात जायचा. उरलेला माल मडगावच्या घाऊक बाजारातून गाड्यांत भरून राज्याबाहेर. हॉटेलं बंद, पर्यटक नाही, राज्यांच्या सीमांवर गाड्या अडकलेल्या, आणि घाऊक बाजाराचं दार लागलेलं. मग दोन टन मासळी आणून उतरवायची कुठे? गावात पायली विकायची तर गावाला किती लागते?

आता थोडा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, आपापल्या होडीचे घालून बघा. समजा चार दिवसांच्या फेरीला 800 लिटर डिझेल लागतं आणि दर 65 रुपये धरला, तर 52,000 रुपये झाले. बर्फाचे 8,000, खलाशांच्या शिध्याचे 6,000. म्हणजे पगार, वाटा, जाळ्याची झीज काही न धरता 66,000 रुपये दर्यात ओतूनच ट्रॉलर परत येतो. मासळीला सरासरी 100 रुपये किलो मिळाले तर 660 किलोला नुसता खर्च निघतो. दर 50 वर आला तर 1,320 किलो लागतील. आणि गंमत अशी की सगळे ट्रॉलर एकदम गेले की दर 50 वर येणारच, कारण घेणारे कमी झालेत. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो हे खरं, पण तो नंतर मिळतो. पंपावर पैसे आज मोजावे लागतात.

म्हणून आमचं मत स्पष्ट सांगतो. लांबच्या फेरीला जाणाऱ्या ट्रॉलरने, आधी माल घेणारा पक्का केल्याशिवाय, या महिन्यात दोरी सोडू नये. ज्यांचा निर्यातीचा व्यापारी लेखी किंवा निदान फोनवर दर सांगून माल उचलायला तयार आहे त्यांनी जावं. "बघू, मिळेल काहीतरी" म्हणून जाऊ नये.

उलट लहान होडीवाल्यांचं बघा. बाप-लेक किंवा दोघे भाऊ, एक होडी, एक जाळं. पहाटे जाऊन सकाळी परत. बर्फ नको, बाहेरचा खलाशी नको, इंजिनाला थोडं पेट्रोल किंवा रॉकेल. टोपलीभर तारले, बांगडे, लेपे मिळाले की गावातच खपतात. दरही बरा मिळतो, कारण बाहेरून गाडी येत नाही. गेली पंचवीस-तीस वर्षं आपण या लहान होडीवाल्यांना मागे राहिलेले समजत होतो, अनुदानाच्या यादीतही ते शेवटी. या दीड महिन्यात गावाला मासळी कोणी खाऊ घातली ते सगळ्यांनी पाहिलंय.

रापणकारांचं मात्र वाईट झालं. रापणीला ना बर्फ लागतो ना लांबचा बाजार, पण दोर ओढायला वीस-तीस माणसं खांद्याला खांदा लावून लागतात. जमावबंदीत ते बसत नाही. एका ठिकाणी अर्ध्या माणसांत लहान रापण घालून बघितली, तर जाळं ओढेपर्यंत मासळी निसटली. आमची विनंती आहे की रापणीच्या वाट्यावरच जगणाऱ्या घरांना शेजारच्या होडीवाल्यांनी उतरवणीचं, जाळं शिवायचं काम आधी द्यावं.

आता विक्रीचं. हे काम आपल्या बायकांनी आमच्यापेक्षा हुशारीने केलं. बाजार बंद झाल्यावर त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर वहीत लिहून घेतले, सकाळी होडी लागली की फोन, आणि स्कूटरवरून दारात पोचवणी. ठरलेल्या घरी ठरलेला वाटा. यात गर्दी नाही, घासाघीस नाही, आणि सुटे पैसे आधीच पाकिटात तयार. 2018 च्या फॉर्मेलिनच्या प्रकरणात आपल्या मासळीवरचा विश्वास कसा उडाला होता हे विसरू नका. आज लोक होडी आणि माणूस ओळखून घेताहेत. हे गिऱ्हाईक टाळेबंदी उठल्यावरही टिकवा, त्यासाठी वजनात आणि ताजेपणात एक दिवसही खोट नको.

सर्वांत नाजूक विषय खलाशांचा. आपल्या ट्रॉलरवरचे बहुतेक हात ओडिशा, झारखंड, आंध्र, कर्नाटकातले आहेत. एरवी ते मे अखेर घरी जातात. यंदा ते मार्चपासून ट्रॉलरवरच अडकून आहेत, कामाशिवाय. आधी चार-पाच जण एका केबिनमध्ये झोपतात, तिथे सहा फुटांचं अंतर कुठून आणणार? म्हणून आपण नियम केला की एक ट्रॉलर म्हणजे एक घर. ट्रॉलरवरच्यांनी आपल्यातच राहायचं, दुसऱ्या ट्रॉलरवर पत्ते खेळायला जायचं नाही, पाणी आणि शिधा आणायला एकानेच उतरायचं. गोव्यातले सातही रुग्ण बरे झाले, 1 मेपासून दोन्ही जिल्हे हिरव्या विभागात आले, पण म्हणून हा नियम सैल करू नका. जेटीवर एकाला आजार आला तर पूर्ण जेटी बंद होईल.

29 एप्रिलला केंद्राने अडकलेल्या मजुरांना घरी जायला परवानगी दिली आणि 1 मेपासून श्रमिक रेल्वे सुरू झाल्या. तेव्हापासून खलाशांचं लक्ष इथे नाही, आणि ते साहजिक आहे. काही पात्रांवांचं म्हणणं आमच्या कानावर आलं: "ऑगस्टमध्ये उचल घेतलीय, ती फिटल्याशिवाय सोडणार नाही." त्यांना सरळ सांगतो. उचलीपायी माणसाला अडवून ठेवणं म्हणजे वेठबिगारी. 1976 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, सोसायटी अशा सभासदाच्या पाठीशी उभी राहणार नाही. शिवाय केंद्राच्या 29 मार्च 2020 च्या आदेशात टाळेबंदीतला मजुरांचा पगार कापू नये असं आहे. महिना पगारावर ठेवलेल्यांना तो द्या. एकदम जमत नसेल तर किती दिला, किती राहिला हे वहीत लिहून त्याची सही घ्या. वाट्यावरच्यांना मासळीच नाही तर वाटा कुठला, पण त्यांचं जेवण मालकाच्या खर्चाने चालू राहिलं पाहिजे.

आणि व्यवहाराचंही बोलतो. आज जो खलाशी उपाशी किंवा अपमान होऊन घरी जाईल तो ऑगस्टमध्ये परत येणार नाही, आणि आपल्या गावच्या चार पोरांनाही आणणार नाही. जाळी टाकायला, इंजिन चालवायला शिकलेली माणसं आपल्या गावात किती उरलीत हे आपण सगळे जाणतो.

बँकेचा विषय थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने 27 मार्चला 1 मार्च ते 31 मे 2020 पर्यंतचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. बरेच जण हप्ता माफ झाला समजून बसलेत. माफ झालेला नाही. व्याज रोज चालूच आहे. समजा 5 लाख कर्ज बाकी आहे आणि व्याज वर्षाला 12 टक्के, तर तीन महिन्यांचं व्याज साधारण 15,150 रुपये मुद्दलात चढेल. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी हप्ता भरत राहावं. ज्यांच्या घरात खरंच अडचण आहे त्यांनी लाज न बाळगता मुभा घ्यावी, पण शाखेत विचारून, पुढचे हप्ते किती वाढणार हे लिहून घेऊन. सावकाराकडून काढून बँकेचा हप्ता भरणं हा तर सरळ वेडेपणा. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळतं, वेळेत फेडलं तर 2 लाखांपर्यंत व्याज 4 टक्के पडतं. ऑगस्टच्या डिझेल-बर्फासाठी त्याचे अर्ज आत्ताच तयार करा.

घरातल्यांसाठी: अन्न सुरक्षा योजनेच्या रेशन कार्डावर एप्रिल ते जून 2020 दर माणशी 5 किलो धान्य फुकट आहे, नेहमीच्या कोट्याशिवाय. बायकांच्या जनधन खात्यात महिना 500 रुपये, तीन महिने. ते पैसे परत जाणार अशी अफवा फिरते आहे, ती खोटी. घाई करून बँकेपुढे गर्दी करू नका.

राहिलं पुरुमेंत. यंदा उन्हाला माणसांची वाण नाही, तर ज्या दिवशी मासळी खपत नाही त्या दिवशी ती पडत्या दरात देऊन टाकण्यापेक्षा खारवा. पोट साफ करून, गोड्या पाण्याने धुऊन, चार किलोला किलोभर मीठ. दोन दिवस मिठात, मग पुन्हा धुऊन उन्हात. वाळूवर नको, मांडवावर किंवा जाळ्यावर, वर मच्छरदाणी. वाळूवरचा खारा बांगडा आता कोणी घेत नाही. मीठ आगरवाडा, नेरूलच्या मिठागरांतलं मिळालं तर बघा, त्यांचाही माल यंदा पडून आहे. जून-जुलैत ताजी मासळी नसते तेव्हा सुक्याला दर असतो, आणि यंदा कारवार-रत्नागिरीहून सुकी मासळी किती येईल याचा भरवसा नाही. ज्यांच्याकडे सुकवायला जागा नाही त्यांच्यासाठी सोसायटीच्या शेडमागचं अंगण मोकळं केलंय.

बंदीचे दिवस यंदा कमी होणार असं मोबाईलवर फिरतंय. लेखी आदेश हातात येईपर्यंत 1 जून हीच तारीख धरून चाला.

घरी जाऊ इच्छिणाऱ्या खलाशांची यादी गुरुवारी, 7 मेला प्रशासनाकडे द्यायची आहे. प्रत्येक पात्रांवाने नाव, आधार क्रमांक, गाव, जिल्हा, राज्य आणि चालू फोन नंबर एका कागदावर लिहून बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत ऑफिसात आणून द्यावं. खलाशाला विचारून लिहा, त्याच्या वतीने तुम्ही ठरवू नका. ऑफिसात एका वेळी दोघेच, मास्क बांधून, आणि बाहेर बादली-साबण ठेवलाय तिथे हात धुऊन.